घरट्याची बातमी

मामांच्या अंगणात मोटारसायकल लावली, पाठीवरची सॅक उतरवली आणि मी वाकायच्या आत मामाच वाकले. आमच्या गोंदियाकडे हे असंच. भाचा लहान असो की टकला, मामानं त्याच्या पाया पडायचं. पुण्याकडच्या वाचकाला उलटं वाटेल, पण वैनगंगेच्या या काठाला भाचा म्हणजे मान. मामांचं वय अडुसष्ट, माझं चाळीस. दर वेळी मी संकोचून पाय मागे घेतो आणि दर वेळी ते म्हणतात, "तुह्या पाया नाही पडून राहिलो. भाश्याच्या पडून राहिलो." (मामांची बोली झाडीची. इथे लिहिताना मी ती जरा सोपी केली आहे, त्याबद्दल झाडीकरांनी माफ करावं.)

सॅकमध्ये फाइल होती. चौऱ्यांशी पानं, प्रत्येक पान प्लास्टिकच्या पाकिटात. शिक्षक पुरस्काराचा प्रस्ताव. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सतरा वर्षं शिकवतोय. प्रस्तावात सगळं आहे: उपक्रम, पटसंख्या, कात्रणं, फोटो. फक्त 'समाजसहभाग व पर्यावरण' या रकान्यात वृक्षारोपणाचा एकच फोटो होता आणि त्यातलं रोप तेव्हाच मान टाकून होतं. तेवढ्यात मामी फोनवर बोलून गेल्या की बोडीच्या (लहान तळ्याच्या) खालच्या बांधीत (धानाच्या खाचरात) सारसाच्या जोडीनं घरटं केलंय, मामा कुणाला सांगू देत नाहीत.

मी रविवार धरून आलो. आठ-दहा मुलं आणायची, लांबून घरटं दाखवायचं, दोन फोटो. सारस म्हणजे आमच्या जिल्ह्याचा दागिना. महाराष्ट्रात तो उरलाय तो जवळजवळ इथेच. शेजारच्या भंडाऱ्यात थोडे, बाकी वाघ नदीपलीकडे बालाघाटात. फाइलीत सारस म्हणजे प्रश्नच मिटला.

चहा आला, मुर्रे आले. मी विषय काढला. मामांनी मुर्‍याचा बकाणा चावून संपवला, मग म्हणाले, "पोरं आन. पन इकडं नाही. परसवाड्याच्या तलावावर ने, झिलमिलीले ने. तिथं दिसतात."

"तिथं घरटं नाही ना, मामा."

"म्हनूनच."

"अहो, लांबूनच बघू. पक्षी उठणारसुद्धा नाही."

"कोन म्हनते? मागं एकाच्या बांधीत होतं. पेपरात आलं. मंग गाड्या लागल्या धुऱ्यावर. कॅमेरे एवढे एवढे. मादी उठली का नर बसते, नर उठला का मादी बसते, असं महिनाभर चालते. एक मिनिट अंडं उघडं ठेवत नाहीत ते. आन लोकांनी दोघांलेही उठवलं. कावळा वाटच पाहात होता."

हे खरं होतं, मला वाद घालता येईना. सारसाचं घरटं म्हणजे पाण्यात रचलेला काडी-गवताचा ढीग. कधी तर उभ्या धानातच, शेतकऱ्यानं रोवलेलं उपटून. माणसाएवढा उंच पक्षी, दोन अंडी, सारं उघड्यावर. लपायची सोयच नाही. त्याला वाचवतं ते फक्त बांधीच्या मालकाचं गप्प बसणं, असं मामांचं म्हणणं.

माझं म्हणणं दुसरं होतं आणि ते मी जोरात मांडलं. "गप्प बसून कसं चालेल? दर जूनमध्ये पहाटे मोजणी होते. वन विभागाची माणसं असतात, पक्षीमित्र असतात, शेतकरी असतात. कशाला? आकडा कळावा म्हणून. २०२१ साली नागपूरच्या खंडपीठानं स्वतःहून याचिका दाखल करून घेतली, ती कशावरून? आकडा घसरलेला दिसला म्हणून. विजेच्या तारांना लागून सारस मरतात, औषध फवारून मरतात, हे कोर्टापर्यंत गेलं ते कुणीतरी सांगितलं म्हणून. तुमच्यासारखे सगळे गप्प बसले असते तर?"

"मोजनीले मी कधी नाही म्हनलं? मोजनी मोजनी हाये. तुले मोजनी नाही पायजे, तुले बॅनर पायजे."

बॅनर मी खरोखरच आणला होता. सॅकच्या बाजूच्या कप्प्यात गुंडाळलेला. त्याचं टोक बाहेर दिसत होतं.

मामांनी हात पुसले आणि फाइल मागितली. त्यांना वाचायला वेळ लागतो, चष्मा जुना आहे. पण त्यांनी पान न् पान पाहिलं. पंधराएक मिनिटं मी मांजराकडे बघत बसलो. मग त्यांनी विचारलं, "हे कोनी लिहलं? 'सर हे अत्यंत उपक्रमशील व विद्यार्थीप्रिय शिक्षक आहेत.'"

"मीच."

"तूच? तुह्याबद्दल?"

"तशीच पद्धत आहे, मामा. राष्ट्रीय पुरस्काराचा अर्जसुद्धा २०१८ पासून शिक्षकानं स्वतः ऑनलाइन भरायचा. आधी वरून नावं जायची, त्यात वशिला चालतो म्हणायचे. आता प्रत्येकाला संधी. एका अर्थी बरंच आहे."

"बरं हाये," मामा म्हणाले. "पन लग्न लागाच्या आधी बाशिंग आपल्याच हातानं बांधून आरशात पाह्याचं, तसं वाटते."

मला राग आला. सतरा वर्षं. पावसात नाला भरला की चप्पल हातात घेऊन शाळेत गेलोय. घरी पोवारी, कुठे गोंडी, कुठे हिंदी बोलणारी मुलं पहिलीत येतात आणि पुस्तक त्यांच्याशी पुणेरी बोलतं. त्या मुलांना अक्षरावर आणणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. कुणी एकदा 'छान केलंस' म्हणावं असं वाटलं तर ते पाप आहे का?

हे मी मामांना म्हणालो. थोडं आवाज चढवूनच. मामी दारापर्यंत येऊन परत गेल्या.

"पाप काहून राहील," मामा म्हणाले. "लेकरू पहिलं पाऊल टाकते तं मायकडं पाहातेच."

"मग?"

"मंग काही नाही. पाहातेच."

मामा मला हरवायला निघाले नव्हते, हे मला तिथे कळलं. एखादा बुवा असता तर त्यानं इथे लगेच सांगितलं असतं की आतला आनंद खरा, बाहेरची वाहवा खोटी. ते मी शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून कितीदा लिहिलंय. त्या वाक्याची गंमत अशी की ते म्हणणाऱ्यालाही ऐकणारा लागतो.

मी तुकोबांकडे वळलो. मामा भजनात पेटी वाजवतात, तेव्हा तिथून कोंडीत पकडता येईल असं वाटलं. "तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या. मग ते घरी जाऊन 'आपलं आतलं समाधान आहे' म्हणत झोपले का? तेरा दिवस काठावर उपाशी बसले, अशी कथा सांगतात ना? त्यांनाही साक्ष हवीच होती."

"ते पांडुरंगासाठी बसले. गावासाठी नाही."

"पण वह्या वर आल्या त्या गावानं पाहिल्या, मामा. गावानं पाहिल्या म्हणून तर आपल्यापर्यंत आल्या."

मामा यावर बराच वेळ बोलले नाहीत. त्यांना हे नवीन असावं, किंवा उलट फार जुनं. मग नवेगावबांधावर आले. आमच्याकडचं बोलणं शेवटी तलावावर येतंच.

नवेगावबांधचा तलाव बांधला कोलू पाटील कोहळ्यानं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, असं सांगतात. भोवती टेकड्या, त्यांना सात बहिणी म्हणतात. कोलू पाटलाचा पुढे कोलासूर देव झाला, तलावाकाठी त्याचं ठाणं आहे. भंडारा-गोंदियाला तलावांचा मुलूख करणारी माणसं हीच, कोहळी. उतार डोळ्यानं बघून पाळ कुठे घालायची हे सांगणारी. मी म्हणालो, "बघा. नाव राहिलं. देवच केला लोकांनी. याहून मोठा पुरस्कार कोणता?"

"एक देव झाला," मामा म्हणाले. "माती किती जनांनी वाहली?"

"ते कुणाला ठाऊक."

"त्याइलेच ठाऊक. आन त्याइचं पानी अजून बांधीत येते."

"पण त्यांना समाधान होतं, हे तुम्ही कशावरून म्हणता? कदाचित दर टोपलीमागे शिव्या घालत असतील. नाव राहिलं नाही, ते आनंदात असतीलच, हे आपलं सोयीचं. आपण शाबासकी न दिल्याचं आपल्याला वाईट वाटू नये म्हणून."

मामा हसले. "हे बरोबर बोलला. मास्तर हायेस खरा."

आणि लाज वाटते लिहायला, पण मला बरं वाटलं. वाहवा मिळाली होती, तीही अशा माणसाकडून जो ती सहजी देत नाही. अ‍ॅडम स्मिथ नावाचा जो पंडित आपण फक्त बाजारपेठेसाठी लक्षात ठेवतो, त्यानं १७५९ सालच्या एका पुस्तकात यावर खूप विचार केलाय. स्तुती आवडणं ही एक गोष्ट आणि स्तुतीला लायक असावंसं वाटणं ही दुसरी, असं तो म्हणतो. बी.एड.नंतर कधीतरी वाचलेलं आठवलं ते मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "हे समजाले इंग्रज कायले पायजे?" तो स्कॉटलंडचा होता, हे मी सांगायच्या भानगडीत पडलो नाही.

चितमपल्लींचं नाव मात्र निघालं. मारुती चितमपल्ली मूळचे सोलापूरचे, पण वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांधला राहिले आणि तिथल्या माधवराव पाटलांकडून पक्षी शिकले. त्या दिवसांवर त्यांचं पुस्तकच आहे, 'नवेगावबांधचे दिवस'. पद्मश्री जाहीर झाली २०२५ च्या जानेवारीत, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी. जूनमध्ये ते गेले.

"ब्यान्नव," मामांनी आकडा तोंडात घोळवला. "तोवर थांबले असते तं?"

"थांबले नाहीत. पक्षीकोश वगैरे सगळं त्याच्या कितीतरी आधीचं."

"आन माधवराव पाटलाले कोनता पुरस्कार भेटला?"

मला सांगता आलं नाही. "त्यांना चितमपल्ली भेटले," असं काहीतरी बोललो. बोलून झाल्यावर वाटलं की हे नुसतं टाळीचं वाक्य नाही, यात काहीतरी आहे. आपलं काम ज्याला कळतं असा एक माणूस समोर असणं. हजारांचं टाळ्या वाजवणं निराळं आणि त्या एकाचं मान हलवणं निराळं. मामांना ते पटलेलं दिसलं. त्यांनी मान हलवली.

मग त्यांनी फाइल पुन्हा उघडली आणि एका पानावर बोट ठेवलं. "हे पोरगी कोन?"

एकतिसावं पान. फाइलीतला सगळ्यात चांगला फोटो. तिसरीतली मुलगी, हातात पुस्तक, खिडकीतून उजेड, मागे मी जरासा वाकलेलो. खाली ओळ: 'वाचन कट्टा: अबोल विद्यार्थिनी वाचू लागली.'

त्या फोटोबद्दल मी कुणाशी बोललो नव्हतो. मामांशी बोललो. ही मुलगी पहिलीपासून वर्गात बोलायची नाही. अक्षरं ओळखायची, पण आवाज बाहेर नाही. जानेवारीतल्या एका दुपारी, बाकीचे मैदानात होते, ती मागच्या भिंतीला टेकून बसली आणि ओळीखाली बोट फिरवत स्वतःशीच वाचायला लागली. मोठ्यानं. अडखळत, 'वि-ही-री-त' असं. विहिरीपाशी थांबली आणि हसली. शब्दाला हसली. तिला तो शब्द सापडला होता. मी दारात उभा होतो. सतरा वर्षांत अशा दुपारी मोजून सात-आठ.

आणि मी म्हणालो, "थांब थांब. परत वाच." आणि खिशातून मोबाइल काढला.

तिनं परत वाचलं. पुस्तकात न बघता, पाठ झालेलं, मोबाइलकडे बघत. मी खिडकी उघडली, तिला सरकून बसायला सांगितलं, तिसऱ्यांदा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळचा फोटो छान आला. आता ती वाचते, पण दर शब्दाआधी मान वर करून माझ्याकडे बघते. बरोबर का, सर? बरोबर का? विहिरीला ती परत हसलेली मी पाहिलेली नाही.

मामा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "लेकरू मायकडं पाहातंच, म्हणालात तुम्ही."

"माय फोटो काढून राहिली असेल तं लेकरानं कुठं पाहाचं?"

मामींनी आतून विचारलं, जेवायला वाढू का. आम्ही दोघंही थांबा म्हणालो.

मला वाटलं होतं की आता उपदेश येईल. आलं भलतंच. मामा उठले, खुंटीवरून टॉवेल घेतला, परत बसले. "तीन साल झाले," ते म्हणाले, "याच बांधीत घरटं होतं. मी कोनाले नाही सांगतलं. तुह्या मामीलेही मना केलं. पहाटे जाओ, सांजेले जाओ. कुत्री हाकलो. मनात वाटे, आपन एकटे राखून राहिलो. सरकारले माहीत नाही, पेपराले माहीत नाही, गावाले माहीत नाही. मोठं ग्वाड वाटे बाप्पा."

"मग?"

"मंग साल्याच्या पोरीचं लग्न लागलं आमगावले. दोन रात्री गेलो. कोनाले सांगून जातो म्हनलं तं सांगा लागे का घरटं हाये. सांगतलंच नाही. आलो तं कवचं होती. कुत्र्याइचे पाय चिखलात." त्यांनी टॉवेलची घडी मोडली, परत घातली. "दोघाइले माहीत असतं तं एक तरी राहला असता ना तिथं. तू चौऱ्यांशी पानाची केली. माही बिनपानाची होती."

बिनपानाची फाइल. आपलं पुण्य कुणालाच माहीत नाही याची स्वतःकडे ठेवलेली पक्की नोंद. प्रसिद्धीला हपापलेला माणूस निदान ओळखू येतो, तो बॅनर घेऊन फिरतो. न मागणाऱ्याची भूक दिसत नाही, त्यालाही नाही. मी इतका वेळ मामांना माझ्या समोरच्या बाकावर बसवलं होतं, न्यायाधीशासारखं. ते माझ्याच बाकावर निघाले.

जेवण झाल्यावर आम्ही गेलो. रोवणं आटोपलेलं, पऱ्हे नुकते हिरवे धरत होते. मामांनी मला धुऱ्यावर करंजीच्या झाडाखाली थांबवलं, तिथून दोनशे पावलं असेल. आधी काही दिसेना. मग बांधीतल्या हिरव्यात एक राखाडी उंचवटा आणि त्यावर तांबडं डोकं. दुसरा पक्षी लांब बोडीच्या काठाला चरत होता. अर्धा तास काही घडलं नाही. मग तो चालत आला, घाई नाही, एकेक पाय पाण्यातून उचलून. बसलेला उभा राहिला. अंडी असतील तिकडे दोघांनी चोच खाली केली, काहीतरी सारखं केलं, आणि आलेला बसला, उठलेला चरायला गेला. बदली झाली. मी एकदा खिशाकडे हात नेला. मामांनी पाहिलं आणि मान फिरवली.

"सांगाचं?" त्यांनी विचारलं.

"सांगायचं. पेपरला नाही. सारसमित्रांना सांगू, गावातल्या दोघांना सांगू. एक तुमच्याकडचा आणि एक असा ज्याच्याशी तुमचं पटत नाही."

"त्याले काहून?"

"तो तुमची वाहवा करणार नाही म्हणून."

हे त्यांना आवडलं नाही, पण हो म्हणाले.

अंगणात येऊन मी फाइल सॅकमध्ये घातली. त्याआधी एकतिसावं पान काढलं. अनुक्रमणिकेत आता चौऱ्यांशी आणि आत त्र्याऐंशी, असा घोळ झाला. शुक्रवारपर्यंत मुदत होती. फाइल दिली की नाही ते इथे सांगत नाही, कारण सांगितलं की तुम्ही एक तर मला शाबास म्हणाल किंवा नावं ठेवाल, आणि मी परत तुमच्या तोंडाकडे बघत बसेन. बॅनर मात्र मामींनी ठेवून घेतला. सरपणावर झाकायला.

फोन लावला. पलीकडच्यानं ठिकाण विचारलं, पाणी किती, अंडी पाहिली का, जवळून तारा जातात का. मामा शेजारी उभे राहून खुणेनं सांगत होते: नाव नको, माझं नाव नको. "शेतकऱ्याचं नाव?" पलीकडून विचारलं. मी मोबाइलवर हात ठेवला. "मामा, नावाशिवाय कसं? रात्री-बेरात्री ते आले तर कुणाच्या बांधीत आलो म्हणून सांगतील? गाव चोर समजून धरेल त्यांना."

मामांनी क्षणभर विचार केला. मग मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि रेंज नसते म्हणून अंगणाच्या कोपऱ्यात, चिंचेखाली, गेले. तिथून त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. मग वडिलांचं. ऐकू गेलं नसावं, म्हणून आडनावासकट परत, ओरडून. समोरच्या घरातलं माणूस बाहेर आलं. मामांनी त्याला हातानंच थांब म्हटलं आणि गट नंबर सांगायला लागले.